घोरणं थांबलं तेव्हा

शेजारच्या सुमनकाकू दुपारी दार उघडायच्या ते ओठांवर बोट ठेवूनच. पंचवटीतल्या या इमारतीत आम्ही नवीन होतो आणि मी विरजण मागायला गेले होते. आतून घोरण्याचा असा गडगडाट येत होता की मी कुजबुजले, "काका झोपलेत वाटतं?" काकूंनी नुसती मान डोलावली. पुढच्या आठवड्यात त्यांनी आत बोलावलं, तेव्हा भिंतीवर काकांचा हार घातलेला फोटो दिसला. खाली त्यांच्या दिवाणावर बसक्या नाकाचा एक गलेलठ्ठ कुत्रा उताणा पसरून घोरत होता.

कुत्र्याचं नाव गोट्या. काका ओझरच्या कारखान्यात होते. पहिल्या पाळीहून आले की जेवायचे आणि चहापर्यंत घोरायचे. तेवढा वेळ घरात टीव्ही, मिक्सर, भांडी सगळं बंद. काका गेले तरी काकूंनी हा नेम मोडला नाही. गोट्यालाही त्या तूप घालून कुस्करलेली भाकरी भरवायच्या, काकांना आवडायची तशी. मी चिडवलं की म्हणायच्या, "राहू दे गं. घोरणारं कुणी असलं ना, की घर भरल्यावानी वाटतं."

उन्हाळा लागला तसा गोट्या चालतानाही घरघरू लागला. मी दोघांना जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "याच्या नाकपुड्या जन्मापासूनच अरुंद आहेत. टाळूचा मागचा मऊ भाग लांब आहे, तो श्वासाबरोबर थरथरतो. त्यात तुपाने वजन वाढवलंय. आपल्याला घोरणं वाटतं, पण हा हवेसाठी झगडतोय. ऑपरेशन करून घ्या."

"आवाज जाईल का?" काकूंनी विचारलं.

"बराचसा. तुम्हालाही शांत झोप लागेल."

"मग नको." काकूंनी गोट्याला उचललं आणि चालू लागल्या.

मला रागच आला. रिक्षात मी बोलून दाखवलं, तेव्हा काकू बाहेर बघत म्हणाल्या, "हे गेले त्या दुपारी मी ओट्याशी होते. घोरणं एकदम थांबलं. वाटलं, कूस बदलली असंल. म्हटलं, बरं झालं, तेवढ्यात चटणी वाटून घेऊ. मिक्सर लावला गं मी. चहा घेऊन गेले तेव्हा कळलं."



काही दिवसांतच भर उन्हात गोट्या जिन्यात कोसळला. जीभ निळी पडली होती. पाणी शिंपडून आम्ही त्याला कसंबसं शुद्धीवर आणलं. काकूंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "चल, दवाखान्यात चल," त्या मला म्हणाल्या. "माझ्या भीतीपायी याचा जीव नको जायला."

ऑपरेशन झालं. गोट्या जिने धावत चढू लागला आणि झोपला की हूं की चूं नाही. मग काकू दुपारभर त्याच्या पोटावर तळहात ठेवून बसायच्या. "आता हातानंच ऐकायचं," म्हणायच्या.

थंडीत काकू गेल्या. गोट्या आमच्याकडे आला. आमची आणि काकूंची भिंत एकच, आणि काकूंच्या दाराला कुलूप आहे. तरी दुपारी गोट्या मधेच उठून त्या भिंतीकडे कान टवकारतो. आधी मी त्याला दटावायचे. हल्ली मीही ऐकते. दुपारचा मिक्सर तर मी केव्हाच सोडला.

परवा दुपारी कुरिअरवाला आला. मी दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवूनच.

"कुणी झोपलंय का, ताई?" त्याने दबक्या आवाजात विचारलं. "घोरणं ऐकू येतंय."

घरात मी एकटीच होते, आणि गोट्या माझ्या पायाशी जागा उभा होता.