व्याह्यांची उकडलेली काकडी

माझ्या व्याह्यांइतका काकडीला भिणारा माणूस भोर-वेल्ह्याच्या मुलखात दुसरा झाला नाही. रानात वाघाची चाहूल लागली तरी ते घोंगडी सावरून झोपत. पण ताटात कच्ची कोथिंबीर दिसली की उठून उभे राहत. कोथिंबीर ते उकळत, मुळा उकळत, पेरू गरम पाण्यात बुचकळून, पुसून, सोलून, उरलाच तर खात. एकदा पिकल्या अंजिरांना त्यांनी असा चटका दिला की त्यांचा लगदा झाला. तो चाटून म्हणाले, "बगा, चवबी सुदारली."

याला कारण होते. जत्रेत कापून ठेवलेली कलिंगडाची फोड खाऊन त्यांचा थोरला मुलगा पटकीने गेला होता. ते ठाऊक होते म्हणून मी पुष्कळ सोसले. पण मी पडलो भाजीवाला. डोक्यावर पाटी घेऊन भोरच्या बाजारात शिरलो आणि स्वतःच्या हिमतीवर तिथे गाळा घेतला. भाव पाडायला आलेले भलेभले माझ्यापुढे घामाघूम होऊन परत गेले. आणि माझ्याच मुलीचा हा सासरा ऐन गर्दीत गाळ्यासमोर उभा राहून मोठ्याने विचारी, "पाव्हणं, मेथीच्या जुड्या कुठं बुचकळल्या?"

पहाटे सगळेच भाजीवाले जुड्या नीरा नदीत बुचकळत. त्याशिवाय पाला तरतरीत दिसत नाही.

"नदीत! मग काय गुलाबपाण्यात?" मी ओरडलो.

"वरच्या अंगाला म्हशी डुंबत्यात."

"त्या म्हशी बऱ्या! बाजारात येऊन बोलत तरी न्हाईत!"

गिऱ्हाईक पोट धरून हसले, आणि मेथी न घेता गेले.

मुलीच्या डोहाळजेवणाला तर त्यांनी कहर केला. माझ्या घरी, माझ्या चुलीवर, माझ्याच कोवळ्या काकड्या पातेल्यात उकडल्या आणि कोशिंबीर म्हणून तो चिखल पंगतीत वाढला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"माझ्या हातचं कच्चं एकदा तरी खाणार का न्हाई तुमी?" मी विचारले.

"न्हाई. पर तुमी लई तापलाय, तवा उकडलेलं दोनदा खातो." आणि खरेच त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतले.

तेव्हापासून मी हट्टाला पेटलो. माझ्या पाटीतली एक काकडी त्यांनी माझ्यासमोर कच्ची खायची, बस्स. त्यांच्या घरी जाताना दर वेळी मी सगळ्यात कोवळी निवडून नेई. ते ती आदराने कपाळाला लावत आणि सुनेला हाक मारत, "पोरी, आधण ठेव."

अशी वर्षे गेली. मग ते अंथरुणाला खिळले. एका दुपारी भेटायला गेलो, तर मला पाहून हसले.

"पाव्हणं, काकडी आणलीया?"

"आणली की."

"द्या तर. आता कशाला उकडायची? तशीच खातो."

एवढ्यासाठी मी इतकी वर्षे घसा कोरडा केला होता. काकडी हातातच होती. मी उठलो आणि चुलीवर पाणी ठेवले.

"आबा, त्यांनी तशीच मागितली ना?" मुलगी म्हणाली.

"तू गप. जाळ घाल."

आधण आले, काकडी चांगली उकडून निघाली. ती निवेपर्यंत त्यांचा डोळा लागला, आणि त्या झोपेतून ते पुन्हा नीट जागे झालेच नाहीत.

माझ्या हातचे कच्चे त्यांनी कधी खाल्ले नाही, याचा राग माझ्या मनात अजून आहे. भांडायला तरी ते हवे होते.