बोला बायांनो, बोला!

विडी कारखान्यात आयुष्य घालवलेल्या बाईच्या घरी एकदा झाडून बघा. लुगड्याच्या घडीत तंबाखू, उशीच्या अभ्र्यात तंबाखू, देव्हाऱ्यात देवांच्या पाठीमागेसुद्धा तंबाखू! कुणी मुद्दाम ठेवत नाही, पण झाडलं की निघतेच. आमच्या युनियनचे किस्से तसेच. एक सांगायला बसले की चार निघतात, आणि ऐकणाऱ्याला शिंका येईपर्यंत मी काही थांबत नाही.

गोष्ट नगरची, मोठ्या दुष्काळाच्या थोडी आधीची. सायकलच्या दुकानावरच्या एका खोलीत आमचं विडी कामगार युनियन होतं. मी मॅट्रिकला गणितात आपटले होते, पण अक्षर बरं. शिवाय माझी आई त्याच कारखान्यात विड्या वळायची. म्हणून मला अर्ज लिहायला ठेवलं. बाया मला 'अर्जवाली' म्हणायच्या. अध्यक्ष होते गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले. शाळा सुटली होती, पण शिकवणं काही सुटलं नव्हतं.

त्या वर्षी सरकारनं ठरवलं की विडी कामगारांसाठी नियम करायचे. प्यायला पाणी, खेळती हवा, पाळणाघर, आजारपणाची रजा. आणि कामगारांनी आपलं म्हणणं कळवावं, असा कागद आला. कागद सगळ्यांसाठी होता, पण आमच्या डोळ्यांसमोर होती ती शेवंताबाई.

शेवंताबाई शेवगावकडची. नवरा गेलेला, पदरात दोन पोरी. हात असा की बघत राहावं, आणि खोकला असा की मांडीवरचं सूप हलायचं. डॉक्टर म्हणाले, छातीचा फोटो काढा. ती जाईना. कारण पंधरा दिवस गैरहजर राहिलं की नाव कट, आणि त्या जागेसाठी दारात दहा जणी उभ्याच! मला तिचा राग यायचा. मग तिच्या पोरी दिसायच्या, आणि राग कुणावर काढावा तेच कळायचं नाही.

* * *

गुरुजींनी पहिली सभा मारुतीच्या देवळासमोर घेतली. विषय : कामगारांनी बोललं पाहिजे.

"बायांनो, तुम्ही बोलत नाही म्हणून तुमचं कुणी ऐकत नाही! भिऊ नका! बोला बायांनो, बोला!" असं गुरुजी दीड तास बोलले.

मध्ये पार्वताबाईनं हात वर केला. ही कर्जतकडची. तोंडाचा पट्टा सुटला की भले भले गल्ली बदलायचे. गुरुजी म्हणाले, "थांबा, आधी माझं ऐका." आणि पुन्हा 'बोला बोला' सुरू.

शेवटी त्यांनी घाम पुसला, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "हं, आता कुणाला काही बोलायचंय?"

पार्वताबाई उठली. "मगाशी बोलायचं हुतं, गुर्जी. नळाला पानी आलंया म्हनून सांगायचं हुतं. आता गेलं!"

त्या दिवशी अख्ख्या आळीत स्वयंपाकाला पाणी नव्हतं. गुरुजींच्या घरीसुद्धा!

* * *

मग मी कागद घेऊन घरोघर फिरले. "सरकारला काय कळवायचं ते सांगा, मी लिहून घेते."

एक म्हणाली, "मुकादमाला येक दिवस आमच्यासारखं मांडी घालून बसवा. संध्याकाळी त्याला उठवायला आमी येऊ."

दुसरी हळूच म्हणाली, "माझ्या सासूलाबी कारखान्यात घ्या. दिवसभर घर तरी गप्प ऱ्हाईल."

मी सगळं लिहिलं. गुरुजींनी चष्मा वर केला. "अगं, हे सासूचं आरोग्यात कसं बसतं?"

"सुनेच्या आरोग्यात बसतं, गुरुजी!"

* * *

अर्ज तयार झाला. सगळ्यांचे अंगठे घेतले. गुरुजी आणि मी तो सरकारी कचेरीत देऊन आलो. आठ दिवसांत अर्ज परत! वर शेरा : 'अंगठे संशयास्पद. सर्व ठसे एकाच इसमाचे दिसतात.'

गुरुजींचा चेहरा पडला. "काय गं, तू एकटीनंच तर नाही ना उठवलेस?"

देवाशपथ, असली संतापले मी! ज्याच्या त्याच्या दारात उन्हातान्हात फिरले होते. मग ठसे नीट बघितले. खरंच सगळे सारखे! नुसते शाईचे गोल, एकावरही रेषा नाही. वर्षानुवर्षं पान घासून, दोरा ओढून अंगठे पार गुळगुळीत झालेले.

दुसऱ्या दिवशी पार्वताबाई माझ्याबरोबर कचेरीत आली. टेबलामागचे भाऊसाहेब विडी ओढत बसले होते. तिनं दोन्ही अंगठे त्यांच्या नाकासमोर धरले.

"बघा सायेब. रेषा हाय का?"

"नाही," भाऊसाहेब म्हणाले. "मग गेल्या कुठं?"

"तुमच्या तोंडातल्या इडीत आसतील. वढून बघा, निघत्यात का!"

भाऊसाहेबांनी विडी विझवली आणि अर्ज ठेवून घेतला.

* * *

अर्जाचा परिणाम म्हणजे तपासणी लागली. सरकारी साहेब येणार हे आमच्याआधी कारखान्याच्या शेठला कळलं, हे सांगायला नकोच. सकाळी कारखान्यात गेलो तर काय! नवा रांजण, नवा डोया. भिंतीला प्रथमोपचार पेटी. कोपऱ्यात चक्क पाळणा! वर लिहिलेलं, 'पाळणाघर'.

साहेबांना एक तान्हं पोर आईशेजारी रिकाम्या सुपात झोपलेलं दिसलं. त्यांनी मुकादमाला विचारलं, "पाळणा असताना मूल सुपात का?"

आमचे कोंडिबा मुकादम म्हणजे पांढऱ्या मिशा, नाकावर चष्मा आणि कपाळावर कायमची आठी. ते काही बोलायच्या आत पार्वताबाई म्हणाली, "हळू बोला सायेब. पाळन्यात मुकादमाचा जेवनाचा डबा निजलाय!"

साहेबांनी बघितलं. खरंच डबा होता, वर फडकंही पांघरलेलं!

साहेब पेटीकडे वळले. तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं आणि एक वाळका हार. साहेब चक्रावले. मुकादम म्हणाले, "जुनी पेटी हाय साहेब. आतून काढून आज टांगली. खंडेनवमीला कात्र्यांची पूजा करतो, तवा हिचीबी करतो."

"आत औषध काय आहे?"

"ते ठाऊक न्हाई. पूजेची वस्तू, उघडायची कशी?"

* * *

तपासणीनंतर सुनावणी. पुण्याहून लेबर ऑफिसर आले, शाळेच्या हॉलमध्ये बसले. चांगला माणूस. मवाळ आवाजात म्हणाले, "मी ऐकायला आलोय. मोकळेपणानं बोला."

कुणी बोलेना! मघापर्यंत रस्त्यानं कलकलाट करत आलेल्या बाया हात मांडीवर ठेवून जमिनीकडे बघत बसल्या. पार्वताबाईला मी कोपरानं ढोसलं, तर ती लाजली! पार्वताबाई लाजलेली मी जन्मात तेवढीच एकदा बघितली. साहेबांनी घड्याळ बघितलं. गुरुजी मागून दबक्या आवाजात "बोला, बोला," करत होते आणि मला वाटत होतं, धरणीमाय, आता पोटात घे.

तेवढ्यात शेवंताबाईनं पिशवीतून कात्री काढली, पानं काढली, तंबाखूची पुडी काढली. पदर खोचला आणि मुकाट्यानं विडी वळायला लागली. तिचं बघून शेजारणीनं पिशवी उघडली. मग तिच्या शेजारणीनं. कात्र्यांचा आवाज सुरू झाला, हात चालायला लागले आणि कुलूप निघावं तशी तोंडं उघडली! रिकाम्या हातानं बोलायची सवयच नव्हती कुणाला. जन्मभर बोलणं झालं ते वळता वळताच.

पाणी, मोरी, पोरं, पाठ, डोळे. साहेबांचं पेन पळेना. "जरा हळू बोला," ते म्हणाले.

"हळू बोलल्यावर हजार इड्या कवा पुऱ्या व्हायच्या?" पार्वताबाई फिरून पार्वताबाई झाली होती.

शेवटी शेवंताबाई बोलली. मान वर न करता. "खिडकी उघडली तर वाऱ्यानं पान वाळतं, म्हनून खिळे ठोकल्यात. पान जपत्यात, सायेब. माझी छाती भरलीया. दवाखान्यात गेले तर जागा जाती, न्हाई गेले तर मी जाते. तुमीच सांगा, जागा वाचवू का छाती?"

हॉलमध्ये कात्र्यासुद्धा थांबल्या. साहेबांनी पेन खाली ठेवलं. माझी आई शेजारी बसली होती, तिचा हात मी घट्ट धरला.

* * *

दोन महिन्यांनी उत्तर आलं. खिडक्या उघडण्याचा हुकूम! आणि आजारपणाची रजा? 'विचाराधीन आहे.' सरकारात एकदा का गोष्ट विचाराधीन झाली की तिच्या बारशाला गेलेली माणसं तिच्या लग्नापर्यंत टिकत नाहीत.

पण खिडक्या तर उघडल्या! मुकादमांनी स्वतः खिळे उपटले. गुरुजींनी पेढे आणले. दुपारी ते विजय बघायला कारखान्यात आले, तर सगळ्या खिडक्या पुन्हा बंद!

"कुणी लावल्या?" गुरुजी कडाडले. "शेठनं? मुकादमानं?"

"आमीच," पार्वताबाई म्हणाली. "पानं कडकडीत वाळली, गुर्जी. वळाया गेलं की तुकडं. इडी बाद झाली तर तुमच्या पेढ्यानं भरून निघंल व्हय?"

गुरुजी मटकन खाली बसले. वर्षभर ज्या खिडकीसाठी घसा फोडला, ती बायांनीच लावून घेतली! आम्ही सगळं लिहिलं होतं, पानाचं काय करायचं तेवढं लिहिलं नव्हतं.

शेवटी पार्वताबाईनंच ओली पोती खिडक्यांना टांगली. हवा आली, पान ओलसर राहिलं. गुरुजी ते कौतुकानं बघत राहिले आणि मग पेढे वाटले.

* * *

खिडकी उघडली तोवर शेवंताबाईला उशीर झाला होता. थुंकीत रक्त दिसलं. डॉक्टर म्हणाले, क्षय आहे, आजच्या आज भरती व्हा, महिने लागतील. ती उठून कामावर निघाली. पार्वताबाईनं तिला दंडाला धरून टांग्यात घातलं. "तुझी जागा मी बघते. तू जीव बघ."

आणि त्या दिवशी गुरुजी आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "बायांनो, आता मात्र कुणी एक अक्षर बोलू नका!"

दुसऱ्या दिवसापासून शेवंताबाईच्या जागेवर तिचं सूप, तिची कात्री, शेजारी तिची चप्पल. सकाळी हजेरीला नाव पुकारलं की पार्वताबाई म्हणायची, "मोरीवर गेलीया." संध्याकाळी प्रत्येक बाई आपल्यातल्या थोड्या थोड्या विड्या तिच्या सुपात टाकायची आणि पार्वताबाई ते सूप मुकादमांपुढं नेऊन ठेवायची. "शेवंताचं हाय. ती मोरीवर गेलीया."

रोज संध्याकाळी मी दाराशी येऊन बघत राहायचे, आज पकडलं जाणारच म्हणून. कारण कोंडिबा मुकादमांची ख्याती अशी की डोळे मिटून विडीवरून बोट फिरवलं तरी ती कुणाच्या हातची ते सांगायचे. आणि माणूस असा खवट की सख्ख्या भावजयीच्या विड्याही मूठभर बाद काढायचे. रोज संध्याकाळी शिव्याशाप ऐकायचे, पण एक वाकडी विडी सोडायचे नाहीत. शेवंताबाईच्या सुपात तर चाळीस बायांचे चाळीस हात! कुणाची जाड, कुणाची बारीक, कुणाचा दोरा सैल. मुकादम चष्मा सारखा करायचे, सूप तपासायचे, वहीत खूण करायचे आणि ओरडायचे, "चला, पुढची!"

एकदा शेठ स्वतः आले. "ही शेवंता कुठाय?"

"मोरीवर," चाळीस बाया एकदम म्हणाल्या. शेठनं मुकादमांकडे बघितलं. मुकादम टेबलाखाली वाकून पडलेली विडी शोधत होते. ती त्यांना शेठ जाईपर्यंत सापडली नाही.

असे आठ महिने गेले. आठ महिन्यांनी शेवंताबाई परत आली. अंगावर थोडं मांस, गालावर रंग. आल्या आल्या पोत्याच्या खिडकीखाली आपल्या जागेवर बसली. बाया रडल्या, मी तर सगळ्यांच्या वरताण. दिवसभर ती हळूहळू वळत होती. हात आखडलेला, बोटं ऐकत नव्हती. संध्याकाळी तिनं स्वतः सूप उचललं आणि मुकादमांपुढं ठेवलं.

बाया आपापली सुपं घेऊन तिच्या मागं उभ्या राहिल्या.

मुकादमांनी एक विडी उचलली. बोट फिरवलं. बाजूला टाकली. दुसरी टाकली. तिसरी टाकली. बघता बघता अर्धं सूप बाद! मग चष्म्यावरून शेवंताबाईकडे बघितलं आणि सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असे खेकसले,

"आठ महिने तुझी एक इडी बाद झाली न्हाई, शेवंते! आज मोरीवरनं आलीस आन् हात बिघडवून आलीस व्हय?"