मुद्दाम काळी केलेली पाटी

आमच्या दिंडोशीच्या जुन्या बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट झालं आणि तळमजल्यावरचे आम्ही थेट अठराव्या मजल्यावर जाऊन पोचलो. घर झकास होतं. सासूबाईंना तेवढं ते पसंत पडलं नाही. "ह्यां घर माका आपलां वाटणा नाय," असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर करून टाकलं. तसं त्यांचं अगदीच चूक नव्हतं. प्रत्येक मजल्यावर सारखेच दरवाजे, सारख्याच कड्या, सारखेच दिवे. एकदा त्या लिफ्टमधून भलत्याच मजल्यावर उतरल्या, कुणाच्या तरी दारावर थापा मारल्या आणि दार उघडणाऱ्या बाईलाच दरडावून विचारलं, "तू कोण गो?" त्यानंतर त्यांनी ठरवूनच टाकलं. मालवणजवळ गावी त्यांचा धाकटा भाऊ राहतो. दिवाळी झाली की तो न्यायला येणार आणि त्या कायमच्या तिकडे जाणार.

मला त्या जायला नको होत्या. उगाच आदर्श सुनेचा आव आणत नाही, आमचे रोज खटके उडतात. पण त्या गेल्यावर मी भांडू कुणाशी? नवरा भांडत नाही, नुसता 'हो हो' करतो. मुलगी कानात काहीतरी खुपसून बसलेली असते. सासूबाईंशिवाय ते घर मला नको होतं, अगदी साधी गोष्ट आहे.

मग मी मनाशी ठरवलं की दारावर खास आपली अशी पाटी लावायची, म्हणजे त्यांना घर आपलं वाटेल. कांदिवलीला धातूच्या पाट्या करून देणारं एक दुकान आहे, तिथे एका रविवारी आम्ही तिघं गेलो. नवरा आत शिरताक्षणी कापलेल्या स्टीलच्या अक्षरांवर भाळला, मागून निळा लाइट येणारी. मी म्हटलं, "अरे, घर आहे ना आपलं? दाताचा दवाखाना काढायचाय का?" मुलीला काळ्या पत्र्यावर फक्त आडनाव हवं होतं, तेही इतकं बारीक की पोस्टमनने भिंग घेऊन यावं. आमच्या शेजारी मढचा एक खानावळवाला बसला होता. त्याच्या लोखंडी बोर्डाचा गंज ओघळून पापलेटच्या चित्रावर आला होता, आणि गिऱ्हाईक मासा ताजा आहे का म्हणून विचारतं, असं तो कळवळून सांगत होता.

मला पितळ हवं होतं. सासूबाईंची सगळी भांडी पितळेची, त्यांना दुसरा धातू धातूच वाटत नाही. दुकानदार म्हणाला, "मॅडम, इथल्या खाऱ्या हवेत पितळ काळं पडणारच. म्हणून आम्हीच ते आधी काळं करतो आणि वर लॅकरचा पारदर्शक थर मारतो, म्हणजे हवा लागत नाय. अँटिक फिनिश. मग घासायची कटकट नाय." कटकट नाही म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं. पाटीवर सगळ्यात वर सासूबाईंचं नाव घालायला सांगितलं, खाली आमची. साफ लाच होती ती, मला लाज वाटत नाही.

दिवाळीच्या तोंडावर पाटी लागली. मी सासूबाईंना हाताला धरून बाहेर आणलं. त्यांनी चष्मा लावला, पाटीकडे पाहिलं, बोट फिरवून ते बोट निरखलं. नावाबद्दल चकार शब्द नाही. "नवी पाटी, आणि इतकी मळलेली? दुकानदारान तुका फसवल्यान." मी त्यांना अँटिक म्हणजे काय ते समजावलं. "म्हणजे पैसे देऊन काळी केलंस?" एवढं विचारून त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर पॅसेजभर चिंचेचा वास. सासूबाई दाराशी स्टूल टाकून बसलेल्या, हातात काथ्या, शेजारी राखेची वाटी. दुपारभर घासून त्यांनी काळा रंग, लॅकर, सगळ्याची वाट लावली होती. पाटी लखलखत होती. माझं डोकं फिरलं. एवढी हौसेने करून घेतलेली वस्तू! मी बोलायचं ते बोलले, त्यांनीही ऐकवायचं ते ऐकवलं. तेवढ्यात लिफ्टमधून समोरच्या काकू आल्या आणि म्हणाल्या, "अय्या, सोन्याची आहे काय?" सासूबाईंनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. मी दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, घेऊन या, उद्याच्या उद्या पुन्हा काळी करून वर लॅकर मारून देतो. म्हटलं, सासूबाई गेल्या की नेऊ.

दिवाळी झाली, नवऱ्याचे मामा न्यायला आले. रात्रीच्या गाडीची तिकिटं होती. बॅग बाहेर आली, नवऱ्याने लिफ्ट अडवून धरली. मी कुणाकडे न बघता बॅगेची चेन पुन्हा पुन्हा तपासत होते. सासूबाई चपला घालून वळल्या आणि पाटीपाशी थांबल्या. कडेकडेने काळपट डाग चढायला लागले होते.

"बघलंस?" त्या भावाला म्हणाल्या. "दिवाळीक घासलेली. ही आता अशीच काळी पडत जातली. मी थंय येवन बसलंय तर घासतलो कोण?"

"नात हा, तुझी सून हा," मामा म्हणाले.

"हिका जमणा नाय."

जमायचा प्रश्नच नव्हता. लॅकर मारून आणली असती तर पुढे कुणालाच घासावं लागलं नसतं. नवऱ्याला ते ठाऊक होतं, तो तोंड उघडणार इतक्यात मी त्याच्यावर डोळे वटारले.

"खरंच आई," मी म्हटलं, "मला नाहीच जमणार." आणि चिंच भिजत घालायला आत गेले.