मुळाच्या पुडीतलं स्वप्न

"सिस्टर, थांबा. ते इंजेक्शन देऊ नका."

मी हे म्हणाले तेव्हा सिरिंज सलाइनच्या नळीला लागलीही होती. मी डॉक्टर नाही. मुलुंडच्या एका हॉस्पिटलात ईसीजी टेक्निशियन आहे, बावीस वर्षं झाली. पेशंटच्या छातीला, हातापायांना दहा तारा जोडायच्या, कागद काढायचा आणि डॉक्टरांच्या हातात द्यायचा, एवढंच माझं काम. कोणाचं इंजेक्शन थांबवणं त्यात बसत नाही.

दुपारचे तीन वाजले होते. कॅज्युअल्टीत ही वेळ जरा पेंगुळलेलीच असते. हिरव्या पडद्यातून ऊन गाळून येतं आणि सगळी खोली तळ्याच्या बुडाशी असल्यासारखी दिसते. कॉटवर विलास पडला होता. वय एक्केचाळीस, घाटकोपरला राहणारा, लिफ्ट मेकॅनिक. डोळे उघडे होते, पण बघत होते दुसरंच काहीतरी. हसायचा, मग एकदम कुशीवर वळून उलटी करायचा आणि परत हसायला लागायचा.

"ताई, चप्पल हातात घ्या," तो मला म्हणाला. "भरती येतेय."

मी खाली बघितलं. खोटं कशाला सांगू, खरंच बघितलं.

आणि मग मशीनमधून कागद बाहेर आला.

हृदयाचा ठोका म्हणजे विजेची एक लाट असते. ती उठते, ओसरते आणि हृदय पुढच्या ठोक्याला तयार होतं. या सगळ्याला लागणाऱ्या वेळेला आम्ही क्यूटी म्हणतो. मशीन तो मिलिसेकंदात छापतं. साडेचारशेच्या आसपास असला की आम्ही निवांत. विलासचा सहाशे चाळीस होता. क्यूटी इतका लांबला की हृदय तयार व्हायच्या आतच पुढचा ठोका येऊन आदळू शकतो, आणि लय कोलमडते. उलटीवर आम्ही सर्रास देतो ते इंजेक्शन क्यूटी आणखी लांबवतं.

ड्यूटीवर डॉ. पूर्वा होती. नवीन, पण डोक्याने शांत. मी तिच्यासमोर कागद धरला. तिने आकड्यावर बोट ठेवलं, ते तिथेच राहिलं.

"सिस्टर, काढा ते. मॅग्नेशियम भरा, मॉनिटर लावा, शॉकचे पॅड्स जवळ ठेवा." मग विलासच्या बहिणीकडे वळून म्हणाली, "याला कुठलं औषध चालू आहे?"

कल्पनाताई त्याची मोठी बहीण, शाळेत शिकवणारी. "काहीच नाही," ती म्हणाली. "उलट सगळी औषधं सोडलीत त्याने." बोलण्यात थोडा अभिमानच होता.

"सगळी म्हणजे कुठली?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तीन वर्षांपूर्वी विलास कामावर लिफ्टच्या शाफ्टमध्ये पडला होता. कंबरेचं ऑपरेशन झालं. दुखण्यावर गोळ्या दिल्या, अफूच्या जातीच्या. दुखणं गेलं, गोळ्या राहिल्या. एक चुकली तरी अंग मोडून यायचं, नाक गळायचं, जुलाब लागायचे, झोप उडायची. व्यसनमुक्तीच्या ओपीडीत जायची त्याला लाज वाटायची. कोणी बघितलं तर? कामावर कळलं तर?

"आणि काल काय घेतलं?"

"ते औषध नाही हो. झाडाचं मूळ आहे. नॅचरल."

जोगेश्वरीला एका फ्लॅटमध्ये कोणी गृहस्थ हे मूळ द्यायचे. फोनवर व्हिडिओ बघून विलासने त्यांना शोधलं होतं. पूड भरलेल्या कॅप्सूल घ्यायच्या, गादीवर पडून राहायचं, दीड दिवस जागेपणी स्वप्नं पडतात आणि उठल्यावर तलफ गेलेली असते, असं सांगितलेलं. कल्पनाताईने पर्समधून प्लास्टिकची डबी काढली. वर हिरव्या पानाचं स्टिकर. कशाचं मूळ, किती मिलिग्रॅम, कोणी बनवलं, एक अक्षर नाही.

"देण्याआधी ईसीजी काढला होता?" पूर्वाने विचारलं.

"नाडी बघितली त्यांनी," कल्पनाताई म्हणाली. आता आवाज बारीक झाला होता.

पूर्वाने सीनियरना फोन लावला. त्यांनी लक्षणांवरून अंदाज केला, इबोगा असणार. आफ्रिकेतल्या एका झुडपाच्या मुळाची साल. ती व्यसनाची तलफ मारते असं म्हणतात, पण हृदयाची लय बिघडवते. आपल्याकडे औषध म्हणून तिला परवानगी नाही.

ती फोनवर असतानाच मॉनिटरवरची रेघ पिळायला लागली. ओला कपडा पिळावा तशी. विलासचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि नाडी लागेना. सिस्टर छाती दाबायला लागली. पूर्वाने पॅड्स लावले. "सगळे बाजूला व्हा!" एकच शॉक, दोनशे जूलचा. रेघ आडवी झाली, आणि मग एक ठोका पडला. मग दुसरा.

दाराशी कल्पनाताई भिंतीला धरून उभी होती. "मॅडम," ती मला म्हणाली, "तिकडे फ्लॅटमध्ये शेजारच्या गादीवर अजून एक बाई आहे. त्या गृहस्थांनी सांगितलं होतं, हॉस्पिटलात नाव काढलंत तर पोलीस केस होईल, भावाची नोकरी जाईल."

"नंबर आहे?"

"तिच्या मुलीचा आहे."

"मग लाव ना गं! उभी काय राहिलीस?" मी ओरडलेच. अनोळखी बाईला अगंतुगं केलं, पण तिने फोन लावला.

ती बाई संध्याकाळपर्यंत तिकडच्याच एका हॉस्पिटलात पोचली. क्यूटी तिचाही लांबला होता, पण ती वाचली. आमच्याकडून पोलिसांना रीतसर कळवलं गेलं. फ्लॅटला तोपर्यंत कुलूप लागलं होतं.

मुळाचा अंश शरीरात काही दिवस रेंगाळतो, म्हणून विलासला आयसीयूत ठेवलं. तलफ खरंच गेली होती, हे मी लपवणार नाही. तिसऱ्या आठवड्यात ती परत आली. तोवर पूर्वाने दोघा भावंडांना बजावून ठेवलं होतं, मध्ये खंड पडल्यावर शरीराची सवय मोडते, गोळ्यांचा जुना डोस घेतलास तर झोपेतच श्वास थांबेल. तो ओपीडीत गेला. आता तलफ आवरायला जिभेखाली ठेवायची गोळी घेतो, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. अधूनमधून ईसीजीला माझ्याकडे येतो. कामावर कळलं. त्यांनी त्याला शाफ्टमधून काढून वर्कशॉपमध्ये बसवलं, नोकरी गेली नाही.

पण मला आठवतो तो आयसीयूतला चौथा दिवस. क्यूटी उतरला होता. मी तारा सोडवत होते आणि तो स्वतःहून सांगायला लागला.

"ताई, मी शाफ्टमधून वर चाललो होतो. दोर नाही, केबिन नाही. एकेक मजला मागे पडत होता. प्रत्येक दारात ओळखीचं कोणीतरी. आई होती, मोगरा माळलेली. वर पोचलो आणि सगळं थांबलं. इतकं शांत, इतकं बरं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं. तेवढ्यात कोणीतरी लाइट लावला."

"तो आम्ही लावला," मी म्हटलं. "दोनशे जूलचा."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने माझा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

माणसाला आतून किती बरं वाटतंय, यावरून त्याच्या हृदयाचं काही कळत नाही. तारा लावूनच बघावं लागतं.