बंद कूलर

कूलरच्या नव्या वाळ्यावर पहिलं पाणी पडलं की त्या वासानं मला नंदनवन कॉलनीतली ती खोली आठवते. एका म्हाताऱ्या कादंबरीकारावर आम्ही माहितीपट करत होतो. तरुणपणी त्यांनी गाण्यांना चाली लावल्या होत्या, हे फारसं कुणाला माहीत नव्हतं. मे महिन्याची दुपार होती. आवाजाचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मी कूलर आणि पंखा दोन्ही बंद करायला लावले होते. पेटीवर घाम टपकत होता तरी ते गात होते. शेवटच्या ओळीला शेजारच्या कुकरची शिट्टी झाली आणि मी म्हणालो, पुन्हा एकदा घेऊ. त्यांची बायको दारातून म्हणाली, "कूलर लावा नं गा, काहून त्यायले तरास देऊन राहिले?" "थांब वं," ते म्हणाले, "कादंबऱ्या साऱ्यायनं वाचल्या. चाल आजवर कोणी मागितली नाही." त्यांनी पुन्हा सगळं गायलं आणि ते पेटीवरच कलंडले. ऊन लागलं, असं दवाखान्यात सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते गेले. दुसऱ्यांदा गाताना त्यांचा दम पुरला नव्हता, त्यामुळे माहितीपटात शेवटी पहिल्या वेळचंच गाणं घेतलं. त्यात ती शिट्टी आहे. इतक्या वर्षांत मला सोडून कुणाच्याही कानाला ती खटकलेली नाही.