भरतीचं सॉफ्टवेअर आणि माझी खुर्ची

"मी कुटं नोकरी मागितली? ओ मॅडम, मी हितंच हाय की. मिसरूड फुटायच्या आधीपास्नं हाय. माझा अर्ज कुणी केला, ते सांगा आधी."

मास्तर ओरडत होते. आमच्या सोलापूरच्या टॉवेलच्या कारखान्यातले विणाई खात्याचे मास्तर ओरडतात म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. सगळा जन्म मागांच्या खडखडाटात बोलण्यात गेलेला. त्यांनी शेडमध्ये 'चहा' म्हटलं की तिकडं माढ्यात लोक कप पुढं करतात. आणि आता तर बंद खोली होती, एसी होता, काचेचं टेबल होतं. टेबलावरची बिस्किटं बशीतल्या बशीत सरकत होती, हे मी स्वतः पाहिलंय.

ओरडायला कारणही तसंच होतं. समोर भिंतभर पडदा, पडद्यावर मास्तरांचा मोबाईल नंबर, नंबराशेजारी हिरवं वर्तुळ आणि वर्तुळात लिहिलेलं 'अत्यंत योग्य उमेदवार'. खोलीत आम्ही चौघंच. मास्तर उभे. पुण्याहून सॉफ्टवेअर विकायला आलेला तरुण पडद्याशेजारी, चेहरा टॉवेलसारखा पांढरा. मालकांची सून, म्हणजे आमच्या मॅडम, टेबलाच्या टोकाला. आणि मी, कारखान्याच्या भरती विभागाचा प्रमुख, सरकणाऱ्या बिस्किटांना हात लावून धरत बसलेलो.

आता हे इथवर कसं आलं ते सांगतो.

आमचा कारखाना आधी एवढासा होता. मग तो वाढला, मग सुटला, आणि आता अशी परिस्थिती आहे की पहिल्या शेडमध्ये हरवलेला माणूस शेवटच्या शेडमध्ये सापडतो तेव्हा त्याला नातू झालेला असतो. एवढ्या ठिकाणी माणसं भरायची म्हणजे अर्ज येणार. कागदाचे येतात, फोटो काढून पाठवलेले येतात, लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलेले येतात. एकानं तर पत्रिका स्वतःचीच वापरली होती, म्हणजे नोकरी का पाहिजे ते वेगळं लिहायला लागू नये. हे सगळं माझ्या खोलीतल्या तीन कपाटांत होतं आणि कुठलं कुठं आहे ते माझ्या डोक्यात होतं. म्हणून मी होतो. साधा हिशेब.

एक दिवस मॅडमनी बोलावलं आणि म्हणाल्या, "काका, आपण भरतीसाठी सॉफ्टवेअर घेतोय. मोठ्या कंपन्या वापरतात तसलं. अर्ज तेच वाचतं, तेच निवडतं, तेच मुलाखतीला बोलावतं. कुठलं घ्यायचं ते तुम्ही ठरवा."

मी म्हटलं, "मी?"

"तुमच्याइतकं भरतीतलं कुणाला कळतं, काका?"

सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात मी लहानपणापासून जातोय. तिथं बोकडाला सगळं विचारतात, दात बघतात, पाठ दाबतात. पण सुरी कुठली आणू, असं अजून एकाही बोकडाला कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. तो मान आमच्या घराण्यात मला मिळाला. आणि वर काका. मालकानं साहेब म्हटलं तर पगारवाढ, अहो म्हटलं तर बदली, आणि काका म्हटलं तर निरोप समारंभ, हे मी आजवर दुसऱ्यांच्या बाबतीत पाहत आलो होतो.

तेव्हापासून मला सगळीकडं डाव दिसायला लागला. माझी खुर्ची दुरुस्तीला नेली, तर मी सुतारामागोमाग सुतारखात्यापर्यंत गेलो. खुर्ची परत आली ती मऊ होऊन. मला आधीच्यापेक्षा जास्त संशय आला. जाणाऱ्या माणसाची कोण एवढी काळजी घेतं? बायको म्हणाली, "मऊ झाली तर बसा की निवांत." तिला यातलं काही कळत नाही.

विकणारे दोन होते. एक बंगळूरचा. तो पडद्यावरूनच बोलायचा, आणि पहिल्याच वाक्याला त्यानं मला विचारलं, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. आमच्या घरात कन्नड बोलतात हे खरं. आई प्रेमानं मराठीत बोलायची आणि झापायची कन्नडात, म्हणून ती भाषा ऐकली की माझी पाठ अजून सरळ होते. पण हे त्याला कुणी सांगितलं? मी सोलापुरात, तो बंगळुरात, आमची जेमतेम मिनिटाची ओळख. माणूस विकायला बसला की आधी तुमच्या स्वयंपाकघरात शिरतो. मी त्याला मराठीत 'झालं' म्हणालो आणि पुढचं सगळं मराठीतच रेटलं. त्याला समजलं नसावं. मलाही त्याचं समजलं नाही.

दुसरा हा पुण्याचा. हा समक्ष आला. त्याला मी जेवायला नेलं आणि कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी वाढली, ती बायकोनं हात राखून न केलेली. त्यानं घास घेतला. कान लाल झाले, नाक वाहायला लागलं, कपाळावर उजनीचं धरण भरलं. मी विचारलं, "तिखट आहे का?" तर म्हणतो, "अजिबात नाही सर, मस्त आहे." मी मनात नोंद केली. जो स्वतःच्या जिभेबद्दल खरं बोलत नाही, तो सॉफ्टवेअरबद्दल काय बोलणार?

पहिल्या दिवशी त्यानं जे दाखवलं ते बघून तर संशय पक्काच झाला. त्याच्या पडद्यावरचे सगळे उमेदवार कसे, टाय लावलेले, हसरे, दात मोजून बसवलेले. सगळ्यांचं शिक्षण सलग, नोकरी सलग. मधे कुणाचं लग्न नाही, कुणाची म्हैस विकलेली नाही, कुणी दोन वर्षं अकलूजला ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर जाऊन आलेलं नाही. मी म्हटलं, "भाऊ, असली माणसं सोलापुरात असती तर ती पुण्यात असती. आमच्या अर्जांवर चालवून दाखव."

तो म्हणाला, "नक्की, सर." मॅडम म्हणाल्या, "चांगली कल्पना आहे, काका." पुन्हा काका.

म्हणून मी माझ्या कपाटांतले विणाई खात्याचे सगळे अर्ज त्याच्या हवाली केले. त्यानं ते यंत्रावर ठेवून त्यांचे फोटो काढले. यंत्र दोनदा तापलं. एका लग्नपत्रिकेपाशी अडकलं, तेव्हा त्यातून अक्षताही पडल्या. आणि मग आजचा हा दिवस उजाडला. मॅडमनी मास्तरांनाही बोलावून घेतलं, कारण माणसं शेवटी त्यांच्याच खात्यात जाणार होती. तरुणानं बटण दाबलं. चाक फिरलं. आणि आमच्याकडं आलेल्या अख्ख्या ढिगातून सॉफ्टवेअरनं एक माणूस काढला. एकच. तो मास्तरांच्या नंबराचा.

त्या माणसाची माहिती मी वाचून दाखवतो, म्हणजे मास्तर का ओरडले ते कळेल. शिक्षण : दहावी नापास, आयटीआय, बीकॉम आणि नर्सिंग. भाषा : मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, हिंदी. अनुभव : माग चालवणे, कापड रंगवणे, टॉवेलला शिलाई, रात्रपाळीचा वॉचमन, मेंदीचे क्लासेस, क्रेन. अनुभवाची एकूण वर्षं एवढी होती की हा माणूस सोलापूरच्या किल्ल्याच्या पायाला दगड द्यायला हजर असणार. विवाहित, अविवाहित आणि विधवा. आणि शेवटी, सॉफ्टवेअरच्या मते, जरा जास्त करून स्त्री.

"मी बाई हाय?" मास्तरांनी विचारलं. हे त्यांनी हळूच विचारलं, म्हणजे फक्त मुख्य फाटकापर्यंत गेलं.

"नाही, सर," तो पुण्याचा तरुण म्हणाला, "म्हणजे, एका मोबाईल नंबरवरून बरेच अर्ज आले तर सिस्टिम धरून चालते की उमेदवार एकच आहे. मग ती सगळे अर्ज एकत्र करते. पण या सगळ्या अर्जांवर तुमचाच नंबर कसा?"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी बिस्किटाकडं पाहिलं. खरं सांगायचं तर मला यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. आमच्याकडं विणाईच्या अर्जावर मास्तरांचाच नंबर असतो. वर नाव तुमचं, खाली नंबर मास्तरांचा. इतकी वर्षं ते अर्ज मी हाताळतोय, पण नंबर माणसाचा स्वतःचा असायला हवा हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"मग कुणाचा घालायचा?" मास्तर म्हणाले. "पोरं सारखी सिम बदलत्यात. जिकडं स्वस्त, तिकडं. माझा नंबर फोन आला तवापास्नं तोच हाय. कंपनीतनं फोन येतो, मग मी आमच्या विणकरांच्या पूर्व भागात जातो आणि गल्लीच्या तोंडाशी उभा राहून हाक मारतो. येतात की."

"आणि माणूस दुसऱ्याच गल्लीत असला तर?" मॅडमनी विचारलं.

"जरा मोठ्यानं मारतो."

शिवाय मास्तरांनी आपला नंबर दिला याचा अर्थ त्या माणसाची हमी मास्तरांची. पळाला तर मास्तर त्याच्या सासूला सांगणार. असली सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे का, असं मी त्या तरुणाला विचारलं. तो म्हणाला, पुढच्या आवृत्तीत येईल.

मला आतून उकळ्या फुटत होत्या. बोकड वाचला असं वाटत होतं. मॅडम उठतील, पुण्याला नमस्कार करतील, बंगळूरला नमस्कार करतील, आणि मी माझ्या मऊ खुर्चीत परत जाईन. आणि तेवढ्यात माझी नजर पडद्याच्या उजव्या बाजूला गेली.

तिथं सध्या रिकाम्या असलेल्या जागा लिहिल्या होत्या, आणि हा एक उमेदवार त्यांतल्या कुठल्या जागेला किती लायक आहे तेही. विणाई, लायक. रंगाई खात्याचा सुपरवायझर, लायक. शिलाई, लायक. वॉचमन, लायक. आणि सगळ्यांत खाली : भरती विभागाचा प्रमुख. अत्यंत लायक.

आमच्या कारखान्यात भरती विभागाला प्रमुख एकच आहे आणि तो त्या वेळी हातात बिस्किट धरून तिथंच बसला होता.

मास्तरांनीही ते वाचलं. त्यांना चष्मा लागत नाही. ते माझ्याकडं वाकले आणि त्यांच्या हिशेबानं कानात बोलले, "साहेब, ही तुमची जागा न्हवं का?"

बाहेर जाणारी फोर्कलिफ्ट थांबली. शपथेवर सांगतो.

"अहो काका," मॅडम म्हणाल्या, अगदी सहज, "दाखवण्यासाठी काहीतरी भरावं लागतं ना. हाताला येतील त्या जागा टाकल्या." आणि पाणी प्यायल्या. मी त्यांचा हात बघितला. हात स्थिर होता. मला तेच आवडलं नाही.

मग तेच अर्ज बंगळूरलाही पाठवले. तिथून उत्तर आलं की सगळे अर्ज बनावट आहेत, एका टोळीचं काम आहे, पोलिसांना कळवावं. टोळी म्हटल्यावर मास्तर दोन दिवस छाती पुढं काढून फिरत होते. दोघांची तुलना लिहायचं काम माझ्याकडं होतं. मी दोन्हीकडचे दोष असे लिहिले की वाचणाऱ्यानं पुन्हा कागद-पेन हातात घ्यावं. मॅडमनी ते सगळं शांतपणे वाचलं आणि पुण्याचं घेतलं. का, तर म्हणाल्या, "त्यानं निदान एकाला तरी नोकरी दिली."

आता सॉफ्टवेअर आहे. मीही आहे. कारण त्या एका माणसाची परत माणसं करायची होती, आणि कुठली मेंदी कुठल्या क्रेनपासून सोडवायची ते मास्तर आणि मी सोडून जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही दोघं शेजारी बसायचो. मी नाव वाचायचो, ते म्हणायचे, "ही साखरपेठेतली, हिचा दीर रंगाईत हाय," आणि मी तिला वेगळी करायचो. अर्जदारानं स्वतःचाच नंबर द्यायचा असा नियम निघाला. लोक अजूनही सुरुवातीला मास्तरांचाच सांगतात. मग त्यांचा स्वतःचा विचारला, तर तो त्यांना पाठ नसतो. मग ते मास्तरांना फोन लावून विचारतात.

मास्तरांना मी एकदा विचारून घेतलं, संशय नको म्हणून, की तुम्हाला माझी जागा मिळाली असती तर घेतली असती का? ते म्हणाले, "लई बसावं लागतंय त्यात." मला बरं वाटलं. अगदी पूर्ण बरं नाही वाटलं.

कारण मी रोज सकाळी कामाला आलो की आधी ते सॉफ्टवेअर उघडतो आणि रिकाम्या जागांचं पान बघतो. रंगाईची जागा भरली, मॅडमनी ती त्याच दिवशी बंद केली. विणाईच्या आणि शिलाईच्या भरल्या, त्या बंद केल्या. वॉचमनची भरली, ती तर वॉचमन फाटकावर पोचायच्या आधी बंद झाली. फक्त सगळ्यांत खाली एक जागा अजून तशीच आहे. भरती विभागाचा प्रमुख. समोर हिरवा ठिपका, म्हणजे अर्ज घेणं चालू. आणि अर्ज येतात. दोन मीच वाचलेत. एक जण माझ्यापेक्षा बरा होता, त्याला मी शेंगाचटणीच्या जेवणाला बोलावून पाहणार आहे.

मग परवा मॅडम पार्किंगमध्ये एकट्या सापडल्या, तेव्हा मी सरळ विचारलं. म्हटलं, "मॅडम, माझी जागा त्यात अजून रिकामी दिसतेय."

त्यांनी गाडीचं दार उघडलं, पर्स आत ठेवली आणि म्हणाल्या, "तिचं बंद करायचं बटण मला सापडत नाही, काका."