मोटारी पळवायला एकच प्रोसेसर

पाय मोडून अहल्या इस्पितळात पडली होती, तेवढ्यात तिच्या थोरल्या भावाने, हयवदनअण्णाने, तिची स्कूटर विकून टाकली. तिला विचारलंही नाही. "आता कशाला हवी," एवढंच म्हणाला. अहल्या बेचाळिशीची, बँकेत नोकरीला, बिनलग्नाची, चामराजपेटेत भाऊ-वहिनीजवळ राहणारी. शहराबाहेर पार होसकोटेपर्यंत तिने त्या स्कूटरवर मुलूख पालथा घातला होता. गुडघा ताठ झाला तो कायमचा.

माडीवर पुण्याचा शंतनु भाड्याने राहायचा, सॉफ्टवेअरवाला. एका रविवारी त्याच्या कॉम्प्युटरवर तिने मोटारींच्या शर्यतीचा गेम पाहिला आणि कीबोर्ड पुढ्यात ओढला. पहिल्याच वळणाला गाडी कठड्यावर आपटली. तिने पुन्हा सुरू केली. जेवायची हाक आली तरी ती उठली नाही.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात तिने स्वतःचा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. अण्णा वकील. त्याने विरोध केला नाही, सूत्रं मात्र हाती घेतली. "दोन प्रोसेसरवाला घे. माझे कोर्टाचे कागद होतील, मंडळाच्या सभासदांचे पत्ते होतील. लोकांना सांगायलाही बरं."

अहल्या जिना चढून वर गेली. "शंतनु, खरं सांग. गेमला दोन लागतात?"

"नाही अक्का. गेम एकावरच चालतो, दुसरा नुसता बसून राहतो. ऑफिसातली चार कामं एकदम करायची तर दोन बरे. तुम्ही एकच घ्या, पण फास्ट. आणि ग्राफिक्स कार्ड चांगलं."

"म्हणजे अण्णाचा कॉम्प्युटर वेगळा आणि माझा वेगळा."

एस. पी. रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात ती आणि अण्णा गेले, तर दोन प्रोसेसरचा बोर्ड काढून ठेवलेलाच होता. अण्णाने आधीच फोन केला होता.

"हा आत ठेवा," अहल्या कानडीत म्हणाली. "एकच प्रोसेसर द्या, वेगाचा. मला गेम खेळायचेत."

अण्णाचा आवाज खाली आला. "चारचौघांत हेच सांगणार आहेस?"

"हो."

"वय काय तुझं, अहल्या?"

"स्कूटर विकताना मला विचारलं नव्हतंस. आज मी तुला विचारत नाही."

दुकानदार दोघांकडे बघत राहिला. मग "सरी, मेडम," म्हणत मान डोलावून त्याने तो बोर्ड आत नेला.

भाद्रपदात गौरीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या. आतल्या खोलीतून अहल्याच्या कॉम्प्युटरची घरघर येत होती. "अहल्या बँकेचं काम घरीही करते वाटतं?" कुणीतरी विचारलं.

"असतं काहीतरी ऑफिसचं," अण्णा पेपरामागून म्हणाला.

अहल्या लंगडत दारात आली. "ऑफिसचं नाही. मोटारी पळवते. कुणाला चालवून बघायची आहे?"

बायकांतली विद्या पदर खोचून उठली, तिच्यामागून अंजली. सुप्रीतावहिनीने नवऱ्याकडे एकदा पाहिलं, हातातलं पंचपाळं खाली ठेवलं आणि तीही आत गेली.